मार्व्याच्या खाडीतला कटआउट

आसल्फा, घाटकोपर (पश्चिम)
एप्रिल १९८७

तीर्थरूप राजाराममामा,

जयवंताचा नमस्कार. खरं तर साष्टांग घालायचा होता, पण पाठीत उसण भरली आहे, त्यामुळे वाकता आलं तेवढाच घातला. उरलेला बरं वाटल्यावर घालीन. तुमचा गुडघा कसा आहे? मामींचा दमा यंदा थंडीत वर आला होता असं कळलं. (कोणाकडून कळलं ते विचारू नका. देवगडची माणसं एसटीतून उतरतात तेव्हा आधी बातमी उतरते, मग ट्रंक.) घरामागच्या कलमांना यंदा आंबा किती धरला? आम्ही इथे सगळे सुखरूप आहोत. मालनने मधे घरात शिवणाचा क्लास काढला होता, तेव्हा बसायला जागा नसायची, आणि बसलंच तर टाचणी टोचायची. आईची तब्येत ठणठणीत. साकीनाक्याचा आपला गाळा चालू आहे. सकाळी टॅक्स्यांच्या आणि टेम्पोंच्या बॅटऱ्या चार्जिंगला येतात, संध्याकाळी जातात, मधल्या वेळात अ‍ॅसिड माझ्या पँटी खातं. पत्राला विशेष कारण नाही. सहज तुमची आठवण आली.

आता ती कशी आली ते सांगतो. गोरेगावच्या एका स्टुडिओत त्यांच्या जनरेटरच्या ट्रेलरचं वायरिंग करायला गेलो होतो. तिथे परग्रहावरच्या यानाचा सेट मोडत होते. (यान म्हणजे प्लायवूड, चांदीचा कागद आणि पत्र्याचे डबे. पण पडद्यावर ते उडणार होतं म्हणे.) त्या ढिगाऱ्यात भिंतीला टेकवलेली एक जाड काच दिसली, खाली निळ्याकाळ्या गोल चकत्या, अप्पे मांडून ठेवावेत तशा. आर्ट डिपार्टमेंटच्या माणसाने ती कुठल्याशा प्रदर्शनातून आणून यानाच्या छातीवर लावली होती. ती काय वस्तू आहे हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मलाही नव्हतं, पण मागे दोन वायरी लोंबत होत्या आणि वायर दिसली की माझा हात स्वस्थ बसत नाही, हे तुम्ही जाणताच. खिशातला मीटर लावला. काटा उड्या मारत वर गेला! मामा, ना इंजिन, ना डायनामो, ना धूर. काचेवर हात धरला की काटा खाली, हात काढला की वर. मी तिथे उन्हात उभा राहून वेड्यासारखा हात धरत होतो आणि काढत होतो. शेवटी तो माणूस म्हणाला, "ले जा यार, और ये भी ले जा." ‘ये भी’ म्हणजे लाइटी वाहून नेण्याचा एक मोडका, दोन चाकांचा ट्रेलर, जो त्यांना फेकायलासुद्धा माणूस मिळत नव्हता.

त्या उन्हात मला तुमची ती बॅटरी आठवली. तुम्ही लालबागचं गॅरेज सोडून गावी आलात तेव्हा लोक मुंबईहून सतरंज्या आणि पितळी डबे आणत. तुम्ही मोटारीची बॅटरी आणलीत. आजीने ती देवघरात ठेवू दिली नाही आणि स्वयंपाकघरातही नाही, म्हणून तिला होडीत जागा मिळाली. होडीत रेडिओ लावून तुम्ही वाडीपुढच्या पाण्यात नांगर टाकायचात आणि अख्खी वाडी वाळूवर बसून ऐकायची. भरती आली की श्रोते मागे सरकायचे, पण उठायचे नाहीत. आणि बॅटरी उतरली की दोघांच्या खांद्यावर काठी, काठीला सुंभाची झोळी, झोळीत बॅटरी, अशी तिची वरात चार्जिंगला तंबूतल्या सिनेमावाल्याकडे निघायची. मी मागून चालायचो. तिला आजारी माणसासारखी नेत होतात तुम्ही, हलू नये म्हणून. पुढे मी बॅटरीच्या धंद्यात का पडलो असं मालन अधूनमधून विचारते. तिला काय सांगणार?

असो. पॅनेल मिळालं (त्या काचेला सोलर पॅनेल म्हणतात, हे मागून कळलं), ट्रेलर मिळाला, आणि होडी सहदेवकडे होती. (सहदेव म्हणजे तळेबाजारच्या सुताराचा मुलगा, गिरणीत होता. संपानंतर गिरणी गेली, तेव्हापासून विक्रोळीला मिळेल ते सुतारकाम करतो.) त्याने भांडुपच्या खाडीतून एक जुनी होडी उचलून आणली होती आणि ती त्याच्या बिल्डिंगच्या मागे, तिवरांच्या बाजूला, विटांवर चढवून ठेवली होती. त्याचा बेत असा की ती मार्व्याला न्यायची आणि मनोरीला सहलीला येणाऱ्या लोकांना खाडीतून फिरवायचं. मनोरीच्या एका हॉटेलचे मालक, पास्कोलशेठ, त्यांनी त्याला शब्द दिला होता की होडी दाखव, पसंत पडली तर आमची सगळी गिऱ्हाइकं तुझी. फक्त अट घातली की संध्याकाळी परतताना होडीवर दिवा हवा, आणि पाणी उपसायला पंप हवा, कारण शहरातल्या लोकांच्या बुटाला पाणी लागलं की त्यांना होडी बुडाली असं वाटतं. सहदेवकडे दुसरं काहीच नव्हतं, मामा. बायको वनमाला लोकांच्या पोळ्या लाटायला जात होती आणि हा दिवसभर होडीला रंधा मारत बसायचा. ती एकदा मला म्हणाली, "भावजी, ती होडी एकदाची पाण्यात तरी जाऊ दे, नाहीतर मला तरी जाऊ दे." हसत म्हणाली, पण मला काही हसू आलं नाही.

म्हणून मी जोशात सांगून टाकलं, पंप, दिवा, सगळं उन्हावर चालवून देतो! होडी ट्रेलरवर चढवली, तिच्या मागच्या बाजूला चार काठ्या ठोकून त्यावर पॅनेल बसवलं, फळीखाली बॅटरी ठेवली, वायर थेट जोडली आणि घरी येऊन शांत झोपलो. कटआउट लावला नाही. (इथे तुम्ही कपाळाला हात लावला असणार.) मोटारीच्या डायनामोला कटआउट लागतो हे तुम्हीच शिकवलंत, पण मला वाटलं, ऊन ते केवढं, ते काय बॅटरीला मारणार? मालनला नंतर समजावून सांगितलं ते असं: बॅटरी म्हणजे पंगतीत बसलेला भिडस्त पाहुणा, आणि हे पॅनेल म्हणजे आग्रही वाढपी. पाहुणा नको म्हणत नाही, वाढपी थांबत नाही. कटआउट म्हणजे यजमानांचा तो माणूस, जो वाढप्याचा हात धरून ‘पुरे’ म्हणतो. तो माणूसच मी पंगतीला बोलावला नव्हता.

सहदेव आठवडाभर दुसऱ्या कामावर होता. इकडे पाहुणा जेवत होता. बॅटरी उकळायला लागली आणि विक्रोळीच्या त्या बिल्डिंगीत सडक्या अंड्यांचा वास सुटला. पहिल्या मजल्यावरच्या रत्नप्रभाबाई कडक शाकाहारी. त्यांनी थेट तळमजल्यावर जाऊन तिथल्या एकट्या राहणाऱ्या माणसाला झापलं. तो बिचारा म्हणाला, मी गेल्या महिन्यापासून अंडी सोडलीत, माझं पित्त वाढतं. मग गटार तपासलं, पाण्याची टाकी तपासली, एकाने गॅस सिलिंडर बाहेर काढून रस्त्यावर ठेवला. होडीकडे कोणी पाहिलं नाही, कारण होडीला वास आला तर मासळीचा येणार, अंड्याचा कशाला? शेवटी रत्नप्रभाबाईंच्या यजमानांची स्टार्च केलेली पांढरी पँट होडीच्या कडेवर वाळत घातली होती, ती उचलायला गेल्या तर तिचा गुडघ्याखालचा भाग हातात आला नाही. तेव्हा शोध लागला. मी जाऊन माफी मागितली, पँट शिवून दिली (मालनच्या क्लासने ती शिकण्यासाठी वापरली, त्यामुळे दोन्ही पाय वेगळ्या मापाचे झाले), आणि त्याच रात्रीपासून कटआउट बनवायला बसलो.

तुम्ही डायनामोचा कटआउट हाताने गुंडाळायचात तसाच गुंडाळला. बॅटरी भरली की आतली पट्टी ओढली जाते, ‘कट्’ आवाज होतो आणि पॅनेल सुटतं. बॅटरी उतरली की परत ‘कट्’ आणि जोडलं जातं. दिवसभर झकास चालला. सकाळी बघतो तर बॅटरी अर्धी रिकामी! डोकं खाजवलं. मग कळलं की अंधारात हाच वाढपी पाहुण्याच्या ताटातलं परत उचलून खातो. वीज उलटी पॅनेलमध्ये जात होती. लॅमिंग्टन रोडवरून एक डायोड आणला, एका बाजूनेच वाट देणारा, तो मधे घातला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी होती तशी सापडली. मी विक्रोळीच्या त्या तिवरांसमोर एकटाच टाळ्या वाजवल्या. एका बगळ्याने पाहिलं.

आता होडी मार्व्याला न्यायची. घाटकोपरचा भीमराज मंडप-डेकोरेशनचं काम करतो, त्याची जुनी जीप आहे. तो रविवारी सकाळी आला तो आदल्या दिवशीच्या लग्नाच्या झिरमिळ्या आणि झेंडूच्या माळांसकट. काढायला वेळ नव्हता. ट्रेलर जोडला आणि ट्रेलरच्या मागच्या लाल दिव्याची वायर होडीच्या बॅटरीवर घेतली, ब्रेक दाबला की दिवा लागावा अशी. वाटेत आसल्फ्याला थांबलो, कारण मालनने डबा केला होता. डबा घेऊन आई खाली आली. तिने होडी पाहिली. कडेवरून हात फिरवला. मग चाळीच्या पायरीवर एक पाय, ट्रेलरच्या चाकावर दुसरा, आणि आम्ही ‘अगं आई’ म्हणेपर्यंत ती होडीत आडव्या फळीवर बसली होती, डबा मांडीत.

"आई, ही रस्त्यावरून जाणार आहे."

"जांव दे. मी काय पाण्यात बसलंय?"

"अगं, जीपमध्ये बस पुढे."

"जीपीत माका उलटी होता," असं म्हणून तिने पदर खोचला आणि पुढे बघायला लागली, जणू भीमराज तिचा खलाशी.

भीमराजने मला बाजूला घेतलं. "जयवंत, यार, ही म्हातारी उतरणार नाय. चल आपण निघू."

साकीनाक्याला हवालदाराने अडवलं. त्याने जीपचा नंबर पाहिला, मागे आला. "हा काय?" "ट्रेलर," मी म्हणालो. "त्याच्यावर?" "होडी." "आणि होडीत?" "आमची आई." त्याने डायरी काढली आणि परत ठेवली, बहुधा कुठल्या रकान्यात लिहायचं ते सुचेना. "होडीला दिवा पायजे, ब्रेक पायजे, लायसन पायजे," तो मोघम म्हणाला. आई वरून म्हणाली, "हवालदारानू, तुमचां गाव खंयचां?" तो कुडाळचा निघाला. पुढची चर्चा तांदळाच्या पिठावरून कोणाच्या तरी आतेबहिणीच्या लग्नावर गेली. मागे बेस्टच्या बसेस हॉर्न मारत होत्या. शेवटी त्यानेच शिट्टी वाजवून आम्हाला वाट करून दिली.

अंधेरीला मात्र खरा घोटाळा झाला. ब्रेकच्या दिव्याची वायर मी चुकून पंपावर जोडली होती. भीमराज ब्रेक दाबी, तसा पंप सुरू होई, आणि सहदेवने होडी धुताना तळाशी राहिलेलं पाणी नळीतून फुर्रकन मागे उडे. पहिल्या सिग्नलला एक स्कूटरवाला भिजला. तो चिडून पुढे आला, वर बघतो तर झेंडूच्या माळा, झिरमिळ्या, आणि होडीत पदर घेऊन बसलेली वयस्क बाई. त्याने चप्पल काढून नमस्कार केला! पुढच्या सिग्नलला दोन बाया ओंजळ धरून उभ्या राहिल्या. ‘कुठल्या देवीची पालखी?’ म्हणून कोणीतरी विचारलं. मी जीपमधून ओरडतोय की अहो पिऊ नका, ते विक्रोळीचं पाणी आहे, पण भक्ती एकदा सुरू झाली की कोण ऐकतो? भीमराज एरवी असल्या गोष्टींना हात जोडत नाही. तो स्टिअरिंग धरून एवढंच म्हणत होता, "मी यातला नाय हां. मी फक्त ब्रेक दाबतो." आणि आईने, मामा, तुमच्या बहिणीने, उजवा हात थोडासा वर उचलून लोकांना आशीर्वाद द्यायला सुरुवात केली होती. नंतर विचारलं तर म्हणाली, ऊन लागत होतं म्हणून हात धरला होता.

मार्व्याला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पास्कोलशेठ किनाऱ्यावर उभेच होते, हॅट घालून, पाय थोडे फाकवून, ‘दाखवा’ अशा आविर्भावात. कोळ्यांच्या मदतीने होडी पाण्यात लोटली. सहदेव वल्ह्यांवर, मी पॅनेलजवळ, मधल्या फळीवर शेठ, आणि आई उतरलीच नव्हती, त्यामुळे तिला बसवण्याचा प्रश्न आला नाही. भीमराज जीपजवळ थांबला. सहदेवने दोनदा वल्ही पुसली. वनमालेला त्याने सांगितलं होतं की आज नक्की होणार.

आणि खाडीच्या मधोमध माझ्या अंगात विद्वत्ता शिरली. शेठना मी कटआउट समजावत होतो, पंगत, वाढपी, पाहुणा. त्यांना पटत होतं. एवढ्यात मला बॅटरीच्या टोकावर खाऱ्या हवेने पांढरी बुरशी आलेली दिसली, आणि बघा शेठ, याची देखभाल किती सोपी, असं म्हणून मी बॅटरीची वायर सोडवली. पॅनेल तसंच जोडलेलं. पाहुणाच ताटावरून उठला आणि वाढप्याने सगळं पातेलं कटआउटच्या डोक्यावर ओतलं! दिव्याचा बल्ब ‘टप्’ झाला, कटआउटमधून धुराची बारीक रेघ निघाली, आणि जे काय मी इतके दिवस हाताने गुंडाळलं होतं ते जळक्या लाखेच्या वासाने संपलं. (आधी पॅनेल सोडवायचं, मग बॅटरी. हे आता मी गाळ्यात भिंतीवर रंगवून ठेवलं आहे.) पंपाची वायरही त्याच पेटीतून जात होती, म्हणजे पंपही मेला.

तेव्हाच माझे पाय ओले झाले. होडी एवढे महिने विक्रोळीच्या उन्हात कोरडी पडून होती, फळ्या आकसल्या होत्या, आणि आता प्रत्येक सांध्यातून खाडी शांतपणे आत येत होती. शेठनी बूट वर घेतले. मग पाय वर घेतले. सहदेवचा चेहरा असा झाला की मला त्याच्याकडे बघवेना. तो जोरात वल्हवायला लागला आणि होडी गोल फिरली, कारण ओहोटीची ओढ समुद्राकडे लागली होती.

आई म्हणाली, "झिला, ह्यो डबो धर." तिने डब्यातले घावणे आणि चटणी सरळ शेठच्या हातात दिली, "खावा तुम्ही, भिजतली नायतर," आणि रिकामा डबा माझ्या हातात देऊन "उपस" म्हणाली. शेठ घाबरून खायला लागले. मग ती उठली, त्या हलत्या होडीत, या वयात, मागे आली, मला बाजूला सारलं आणि सुकाणू हातात घेतलं. "सहदेवा, ओढू नको. पाणी नेता थयच्या बाजून जांव दे. मगे हळू काढूक येता." आणि होडी, मामा, सरळ झाली. मी उपसता उपसता बघत होतो. चाळीत नळावर जिची कळशी कायम शेवटी भरते ती ही बाई नव्हती. हाताच्या शिरा उठल्या होत्या, डोळे बारीक, पदर वाऱ्यावर, आणि तोंडात काहीतरी गुणगुणत होती, तुमच्या त्या रेडिओवरचं जुनं काहीतरी.

घावणे संपवून शेठना धीर आला. त्यांनी विचारलं, "बाय, तू होडी खय शिकली गो?"

"भावान शिकयल्यान."

मी उपसायचं थांबलो. आजोबांची होडी तुम्ही विकलीत त्या वर्षापासून आईने तुमचं नाव घेतलेलं मी ऐकलं नव्हतं. नाव कशाला, ‘भाऊ’ हा शब्दसुद्धा नव्हता. भाऊबीजेला ती चंद्राला ओवाळायची आणि आत जायची. शेठना यातलं काय माहीत? ते पुढे विचारते झाले, भाऊ अजून होडी चालवतो का?

"इकल्यान ती." तिने सुकाणू थोडं आत ओढलं. मग कोणाला सांगतेय ते न कळेल अशा आवाजात म्हणाली, "जुनी झालेली. कुजलेली. तेच्या एकट्यान ती सांभाळूची कशी? माका इचारल्यान असता, तर मीच ‘ईक’ म्हटलंय असता. माका इचारल्यान नाय, येवढांच."

मी खाली मान घालून पाणी उपसत राहिलो, डोळ्यांना खारं पाणी लागलं होतं, ते खाडीचं होतं असं समजा. मग एकदम सुचलं ते केलं. जळलेली पेटी कापून काढली, पॅनेलची वायर बॅटरीवर, बॅटरीची वायर पंपावर, मधे कोणी नाही. पंप खोकला आणि सुरू झाला. अंधेरीतल्या भक्तांना दिसली नसेल अशी जाडजूड धार बाहेर पडली. सहदेव मोठ्याने हसला. त्याला हसताना मी संपानंतर पहिल्यांदाच पाहिलं.

मनोरीच्या धक्क्याला लागलो तेव्हा सूर्य बुडायला आला होता. शेठ उतरले, बूट घातले, हॅट नीट केली. आम्ही तिघे निकालाची वाट बघत उभे. ते म्हणाले, होडी गळते, दिवा फुटका, यंत्र जळकं. सहदेवने मान खाली घातली. मग म्हणाले, पण हे घावणे कोणी केले? मालनने केले असं सांगितलं. तर ठरलं असं की सहदेवने होडी महिनाभर पाण्यात भिजवून सांधे भरून घ्यायचे, मी नवा कटआउट बसवायचा, आणि दर रविवारी होडीतल्या गिऱ्हाइकांना डब्यातले घावणे मिळाले पाहिजेत. वनमालेने आता पोळ्या लाटायला जाणं सोडलं आहे. ती आणि मालन मिळून घावणे करतात. शिवणाचा क्लास बंद पडला, त्यामुळे घरात बसता येतं.

नवा कटआउट चांगला चालतो. दोनदा तपासायला गेलो. संध्याकाळी होडी परत येताना बॅटरी भरलेली असते, आणि शांत पाण्यात तो ‘कट्’ आवाज ऐकू येतो. डोळे मिटले की मला वाळूवर बसलेली वाडी दिसते. ते लोक कुठे गेले, मामा? त्यातले अर्धे मुंबईत आहेत, कोणी नालासोपाऱ्याला, कोणी भांडुपला, रस्त्यात भेटले तर घाईत असतात. ते असे एकत्र बसून भरतीबरोबर मागे सरकायचे, हे मी त्यांना सांगितलं तर खरं वाटणार नाही.

बाकी विशेष काही नाही. मामींना नमस्कार. कलमांना जपा.

तुमचा भाचा,
जयवंत

ता. क. मालन म्हणते की एवढं मोठं पत्र लिहिलंस आणि मामांच्या गुडघ्याला तेल सांगायचं राहिलं. तिळाचं, कोमट करून.

ता. क. दुसरा. पत्राला विशेष कारण नाही असं वर लिहिलं आहे, ते खोडायचं राहिलं. आई गावी येते आहे. बुधवारच्या रातराणी एसटीत बसेल, गुरुवारी सकाळी देवगड स्टँडवर उतरेल. तिचं म्हणणं, रवळनाथाला नारळ ठेवायचा आहे. नारळ इथे घाटकोपरच्या बाजारातही मिळतो असं मी म्हटलं, तर माझ्या अंगावर आली. मुक्काम कुठे करणार ते तिने ठरवलेलं नाही, किंवा ठरवलं आहे आणि सांगत नाही. तुम्ही स्टँडवर या. मी लिहिलं म्हणून आलात असं दाखवू नका. सहज आलात, पेपर घ्यायला आलात, काहीही. पण या, मामा.

ता. क. तिसरा. हे लिहीत असताना आई मागे येऊन उभी राहिली आणि कोणाला लिहितोस म्हणून विचारलं. मी म्हटलं, बॅटरीच्या कंपनीला.  मग जाता जाता म्हणाली, "मगे त्या कंपनीक सांग, स्टँडार येताना छत्री घेवन येवची. ऊन बाधता तेका."